नववा छर्रा

मे महिन्यातली दुपार. नंदनवनच्या गल्लीत
कुत्रंही भिंतीला चिकटून सावली चाटत होतं.
सायकल मी समोरच्याच खोलीत उलटी केली,
सीट आणि हँडलवर उभी, खाली पेपराची चार पानं,
आणि चहाच्या दोन जाड चमच्यांनी
टायरची कड उचलू लागले.

चमचे वाकले. एक लग्नातल्या सेटमधला.
वाकू दे.

ट्यूबमध्ये हवा भरली. बादलीत कपडे भिजलेले,
म्हणून कूलरची एक जाळी काढून
टाकीच्या पाण्यातच बुडवली ती, हातभर हातभर.
ओल्या वाळ्याचा वास, हिरवट पाणी,
आणि एका जागेवरून बुडबुडे,
सावकाश, एकामागे एक,
जसं आत कोणी झोपून राहिलं आहे.

बाभळीचा काटा. मेडिकलच्या मागच्या शॉर्टकटचा.
बारीक, डोकं मोडलेला, तरी आपल्या कामावर.

"काऊन गं," सासूबाई खाटेवरून,
"पोट फाडून राहिली का तिचं?"
"पाहून राहिली, आई. फक्त पाहून राहिली."

बारा वर्षं चौकातले तुमानेभाऊ म्हणायचे,
ठेवून जा ताई, संध्याकाळी या.
मी ठेवून जायचे.
दिवसभर एक्स-रेच्या अंधारात
लोकांची मनगटं पाहायची, बरगड्या, मणके,
"श्वास रोखा… सोडा" म्हणायची,
आणि माझ्याच सायकलच्या आत काय आहे
ते मला सकाळ ते संध्याकाळ या दोन शब्दांपलीकडे
माहीत नव्हतं.

काडेपेटीच्या बाजूने ट्यूब घासली.
सोल्यूशन लावून फुंकर घातली. थांबले.
थांबणं सगळ्यात कठीण; हर्षाली तीनदा बोट लावून गेली.
ठिगळ बसलं, वरून पोळपाट, पोळपाटावर मी.

एवढ्यावर थांबायला पाहिजे होतं.
पण मागचं चाक बरेच दिवस करकरत होतं,
आणि हात काळे झालेलेच होते.

पान्हा लावला. कोन सैल झाला, आणि मग
घरंगळले ते. टण्, टण्, फरशीवर,
खाटेखाली, शिलाई मशीनच्या पायाशी,
सासूबाईंच्या चपलेत एक.
हर्षाली पोटावर सरपटत, झाडूची काडी घेऊन,
एक, दोन, पाच, सात.
आठ मिळाले. दुसऱ्या बाजूला नऊ होते.
रॉकेलच्या वाटीत आठ डोळे, चकचकीत,
नववा नाही.

रात्री ग्रीस भरून आठच बसवले,
चाक फिरवलं तर आवाज नाही. त्याचीच भीती वाटली.

सकाळी चौकात उतरले. तुमानेभाऊंनी
माझी नखं पाहिली आधी, मग चाक.
अंगठ्याने फिरवलं, कान जवळ नेला.
"एक छर्रा कमी आहे ना?"
मी गप्प.
"राहू द्या. ठासून भरले तर फिरतीन कुठे बाप्पा."
पैसे विचारले तर
ब्रेकचे दोन गट्टू हातावर ठेवले, बारा रुपये,
म्हणाले, हे घरीच लावता येतीन तुम्हाला.
ठेवून जा म्हणाले नाहीत.

पावसाळा गेला. गट्टू लावले, पहिल्यांदा उलटे.
चेनला दर पंधरा दिवसांनी तेल, जुना टूथब्रश,
शेजारच्या वंजारींच्या पोट्ट्याची वालट्यूब,
वरच्या मजल्यावरच्या बाईंचं कॅरिअर.
एक चाक आऊट काढता काढता
दुसऱ्या बाजूने आऊट केलं, ते अजून तसंच आहे,
डुगडुगत शाळेत जातं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कूलर रिकामा केला.
वाळा काढून गच्चीवर वाळत घातला,
टाकी तिरपी केली, गाळाचं पाणी मोरीकडे,
आणि मोरीच्या जाळीवर, टिक्.

गंजलेला, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा.
तिथे कसा गेला, देव जाणे.
बोटांत धरून बराच वेळ उभी होते.
बाहेर सायकल, स्टँडवर, थोडी कलती.
"सापडलं का काही?" आतून सासूबाई.

पदराने पुसला. बटणांच्या डब्यात टाकला,
आणि ड्यूटीला उशीर होत होता
म्हणून निघाले.