उजव्या कानातलं पाणी

सूप मांडीवर, मान सुपात.
चोवीस वर्षं अशीच बसते मी.
पान कापायचं, पत्ती भरायची, दोरा गुंडाळायचा,
नखानं तोंड मिटवायचं.
हजार झाल्या की उठायचं.

दिवाळीपासनं उजव्या कानात पाणी आहे.
बाहेर येत नाही, आत जिरत नाही.
मान कलती केली की हलतं
अर्ध्या भरलेल्या कळशीगत.
आणि कानामागनं खांद्यापर्यंत
दोरी कुणीतरी ताणून धरलीय.

जाऊ म्हणाली, वारं शिरलं.
शेजारची रुक्साना म्हणाली, पहाटे गार पाण्यानं डोकं धुतेस, दुसरं काय.
लसूण जाळून तेल ओतलं.
मीठ भाजून शेकलं.
देवळामागं एक म्हातारा मान मोडून देतो,
त्याच्याकडं तेवढी गेले नाही.
मग एका शनिवारी मुकादमानं छाट सांगितली,
मला साठ ऐकू आल्या.
एकशे साठ होत्या.
तेव्हा कुठं निपाणीच्या स्टँडवर बेळगावची गाडी धरली.
आधार दाखवलं, शून्याचं तिकीट मिळालं.

नर्सनं दोनदा पुकारलं म्हणे.
डॉक्टरीणबाई माझ्या लेकीएवढी.
"किवी? कुत्तिगे?"
मी म्हटलं, कान. मान. दोन्ही.
आडनाव माने, आणि मानच धड नाही.
ती हसली, मराठीत आली. हुक्केरीची होती.

कागदावर तिनं नाक काढलं,
नाकामागनं कानाकडं जाणारी बारीक नळी,
विडीच्या दोऱ्याएवढी.
"गिळताना ही उघडते. तुमची उघडत नाही.
सर्दीनं सुजली असेल.
तंबाखूची धूळ नाकाला सोसत नसेल.
मानेचं दुखणं वाकून बसल्यानंही असेल, अगदी निराळं,
एका भिंतीला दोन भाडेकरू असतात तसं."
भाडेकरूंचं कळलं मला.
बाकी ती उजवीकडनं बोलत होती,
मी हो हो म्हणत गेले.

मग उठून माझ्या मागं आली,
मानेवरनं बोटं फिरवू लागली,
हळू, तांदळात खडा बघावा तशी.
जबड्याखाली थांबली.
पुढं गेली.
परत आली, परत तिथंच थांबली.
"एकाच कानात पाणी, आणि तेही या वयात,
म्हणून नाकामागं दुर्बिणीनं बघू.
बहुतेकांना काही निघत नाही."
आता ती डावीकडं उभी होती.
सगळं ऐकू आलं.

येताना चिठ्ठी पदराच्या टोकाला,
गाठ मारून.
सोमवारची तारीख आहे.
घरी काय सांगायचं ते संकेश्वरपर्यंत जुळवत होते.
सर्दी म्हणू. पत्तीची धूळ म्हणू.
खोटं काहीच नाही त्यात.
बोटं कुठं थांबली, ते कुणी विचारणार नाही.

तवंदीचा घाट उतरताना आवंढा गिळला
आणि टक् झालं.
शेंगांची फोलं, कुणाच्या तरी बांगड्या, कंडक्टरची शिट्टी,
पुढच्या सीटवर एक पोरगं
खिडकीतनं खांब मोजत होतं,
ओंदु, एरडु, मूरु,
उजव्या कानात, लख्ख.
नाल्कुही ऐकलं.
ऐदुच्या आधी पाणी परत आलं.