दरसूचीत नसलेली बाब

खाडीकडची भिंत पडली.
तिचं अंदाजपत्रक माझंच होतं:
दोनशे चाळीस मीटर, एम-तीस काँक्रीट,
दर तीन मीटरला एक पाझरछिद्र.
वॉचमन म्हणाला, आवाज असा झालाच नाही मॅडम,
खाडीकडे तोंड करून नुसती बसली.

झिपर केणी पडक्या तुकड्यावर बसून तंबाखू मळत होता.
"बाय, पानी येवाचा नाय म्हनून बांधलास.
मंग आतला पानी जावाचा कुठशी?"
मी नकाशा उघडला. त्याने तो उलटा धरला
आणि तरीही बोट बरोबर जागी ठेवलं.
इथे तिवरं होती.

ओहोटीला त्याच्या मागून गेले, चपला हातात घेऊन.
काठाला उरलेल्या एका झाडाखाली
बांबूची चौकट टाकली, मीटर बाय मीटर,
आणि श्वासमुळं मोजली. दोनशे बारा.
एक निवटी माझ्याकडे बघत राहिली,
वरिष्ठ बघतात तशी.

दरसूचीत शोधलं.
गाळ काढणे. गाळ वाहून नेणे. गाळ टाकणे.
झाडोरा मुळासकट काढणे, प्रति चौरस मीटर: आहे.
लावण्यासाठी उद्यान खात्याकडे पाहावे.
उद्यान खातं म्हणालं, खारं पाणी आमच्याकडे येत नाही.
वनखात्याने विचारलं, जमीन कोणाची?
जमीन दिवसातून दोनदा समुद्राची असते,
हे रकान्यात बसेना.

मग मी लिहिलं:
साखळी एकशे दहा ते एकशे एक्याण्णव,
काम वगळले.
वगळायला कोणाची हरकत नसते.

भारजा केणी आणि तिच्या चार जावांनी
म्हावऱ्याच्या पाट्यांतून बिया आणल्या,
दुधाच्या पिशव्यांत चिखल भरून रुजवल्या.
पहिल्या वर्षी निम्मी रोपं चिंबोऱ्यांनी कुरतडली,
उरलेल्यांतून डेब्रिजचा ट्रक रात्रीतून गेला.
दुसऱ्या वर्षी पुन्हा.
त्या मोजत नव्हत्या. मोजणं माझं काम.

तिसऱ्या जुलैत अमावास्येचं उधाण
आणि वरून पाऊस, एकाच तासाला.
मी चारकोपला पंपावर उभी, गुडघाभर,
हातात बॅटरी, फोनवर कंट्रोल रूम.
पाणी आलं. खोटं कशाला सांगू?
तिसऱ्या गल्लीत फ्रिज तरंगले,
साबिरच्या शिलाई मशीनची मोटर गेली ती गेलीच.
पण एक्याऐंशी मीटरांपाशी लाट खोडांत अडखळली,
आणि पूर्वी तीन दिवस मुक्काम ठोकणारं पाणी
ओहोटीबरोबर निघालं,
घाईतल्या पाहुण्याने चहा न घेता उठावं तसं.

लेखापरीक्षकाचा शेरा आला:
वगळलेल्या कामाची बचत कोठे दर्शविली आहे?
उत्तर अजून दिलेलं नाही.

काल उरलेल्या भिंतीची पाहणी होती.
एका पाझरछिद्रातून तिवराचं रोप बाहेर आलेलं,
कोणी न लावलेलं.
नियमाने काढायला हवं. दर आहे त्याला.
टेप लावला. एकोणीस सेंटीमीटर.
पान उलटून बोट फिरवलं, जिभेला लावलं:
समुद्र, पण चिमूटभर.

मोजमाप वही उघडून
बाब, एकक, दर, तिन्ही कोरे ठेवले.
फक्त तारीख टाकली, आणि भरतीची वेळ.