कंसात

तिसऱ्या दिवशीही त्या खुर्चीत कुणी आलं नाही.
नावाची पाटी मीच छापली होती, दोनदा,
पहिल्या खेपेला देशाच्या नावात वेलांटी चुकली म्हणून.
बाईंना व्हिसा मिळाला नाही, एवढंच कळलं.
स्त्रिया आणि शांतता यांवरच्या बैठकीला
यायची परवानगी ज्या खात्याने नाकारली
त्याच खात्याचे साहेब
उद्घाटनाची समई लावून विमानतळावर गेले.

पणजीचं हॉटेल. काचेपलीकडे मांडवी,
दिवसाही दिवे न विझवणाऱ्या कॅसिनोच्या बोटी.
मी डिचोलीची, रोजंदारीवर टायपिस्ट.
ज्यावर एकमत नाही
ते चौकोनी कंसात ठेवायचं,
एवढं मला शिकवलंय.

सोमवारी कंसात एक ओळ होती:
घरकामाला नेलेल्या बाईचा पासपोर्ट
मालकाने ठेवून घेऊ नये.
त्यातलं ‘नये’ कुणाला तरी कडक वाटलं.
मंगळवारी ‘शक्यतो’ आलं.
बुधवारी ‘शक्यतो’भोवती आणखी एक कंस.

पिएदाद फुर्ताद, आगशीची, पेले भरते इथे.
माझ्या खांद्यामागून म्हणाली, कितें गो हें?
मी सांगितलं.

माझा नऊ वर्षं फ्रीझरमध्ये होता, ती म्हणाली,
कुवेतला. कोंबड्यांच्या खाली, पिशवीत बांधून.
मॅडम तशी वाईट नव्हती.
आई गेली तेव्हा महिन्याचा पगार जास्त दिला,
रजा तेवढी दिली नाही.
शेवटी पळून वकिलातीत गेले, तर खिडकीतला माणूस विचारतो,
नवऱ्याला माहीत आहे का?
पासपोर्ट हातात आला तेव्हा फोटोवर दव साचलं होतं.
बोटाने पुसलं.
आतली बाई एकतीस वर्षांची.

मग ती ट्रे घेऊन गेली.
रिकाम्या खुर्चीपुढेही तिने पेला भरला, रोज भरते,
वर कागदाची चकती ठेवते, माशी बसू नये म्हणून.
सुपरवायझर ओरडला एकदा.
येतलें म्हणून सांगलां तिणें, एवढंच ती बोलली,
जणू त्या बाईने हिलाच फोन केला होता.

रात्री सव्वा वाजता निरोप आला:
सहमती झाली. कंस काढून टाका,
आतल्या मजकुरासकट.

एसीचं पाणी ठिबकत होतं बादलीत.
मी कंस काढले.
‘शक्यतो’ काढलं.
बाकीचं राहू दिलं.

सकाळी कुणाच्या तरी लक्षात येईल,
किंवा नाही येणार; समारोपाला फोटो असतो,
मसुदा कोण वाचतो.
विचारलंच तर सांगेन, चूक झाली साहेब,
माझी आधी वेलांटीही चुकली होती.

पिएदादची पाळी सहाला सुरू होते.
ती कालचं पाणी कुंडीत ओतेल,
पेला उजेडात धरून बघेल,
परत भरेल.