तांब्या

ओजस दुधाचा पेला दिसताच तोंड फिरवायचा.
खीर, उपमा, पोळी भरवली
की तासाभरात परत, माझ्या ओढणीवर.
वय चार, वजन अडीच वर्षांचं.
सासूबाई म्हणायच्या, लाडावलाय.

रावपुऱ्यातल्या झवेरीबाईंनी दुर्बिणीतून तुकडा काढला.
अन्ननलिकेला सूज, ॲलर्जीची.
"लहान मुलांना सांगता येत नाही हो,
ती ओकतात, नाहीतर जेवणच सोडतात.
मोठ्यांचं निराळं. वर्षानुवर्षं सूज राहून
नळी आवळते, घास अडकतो."
मग सहज तुझ्याकडे वळून, "तुम्हाला?"

तू म्हणालास, छे.

आणि मला दिसला दांडिया बाजारातला पाव,
लग्नानंतरचा पहिला,
सेव-उसळीत बुडवून बुडवून तू लगदा केलेला.
घासाला एक घोट.
पंगतीत सगळ्यांत शेवटी उठणं.
मेव्हणीच्या लग्नात मोरीपाशी अर्धा तास,
डोळे लाल, "ठसका लागला."
तुझे बाबाही बत्तीस वेळा चावायचे;
आम्ही त्याला घराण्याची शिस्त म्हणत आलो.

दूध, गहू बंद झाल्यापासून
ओजस भाकरी मागून घेतो. दुसरीसुद्धा.

तुझी तारीख तू दोनदा पुढे ढकललीस.
मी ताटाशी तांब्या भरून ठेवते
आणि घोट मोजते.
काल अठ्ठावीस.