हात एक, उजवा

सेलूत, स्टेशन रोडला, पिठाच्या गिरणीमागं
पत्र्याचं शेड. आत
अकरा गदा, सातच धनुष्यं,
दोरीला टांगलेली रावणाची नऊ तोंडं,
दहावं मानवतच्या शाळेनं परत केलंच नाही,
आणि वजीरचाचा,
दातात टाचणी धरून बोलणारा.

बारावी नापास झाले त्या उन्हाळ्यात
मी इथं काजं करायला आले
आणि रक्त करायला शिकले.
काकवी, मैदा, खायचा लाल, थेंबभर निळा.
निळा विसरलीस, चाचा म्हणायचा,
तर सरबत वाटायलंय बेटा, लेकरं पितील.

नरसिंहाच्या नवरात्रात आमचा खांब फुटतो.
कामट्या, रद्दी, चिंचोक्याची खळ,
मधोमध ब्लेडनं आधीच मारलेली चीर,
आम्हा दोघांनाच ठाऊक.
सोंगवाल्याला एवढंच सांगायचं :
डावा खांदा आधी, मुखवटा मग.
पलित्यावर राळ उडते,
बाया हात जोडतात,
मी गर्दीत उभी राहून मोजते
किती सेकंद लागले.

तर लिंबाजी आले, जिनिंगवाले.
शर्टाची उजवी बाही खिशात खोचलेली.
काउंटरवरच्या तुटक्या मुंडक्याकडं बघत म्हणाले,
हात करता का?
चाचानं वही ओढली. नाटक कोणतं?
नाटक नाही. लेकीचं लगीन हाय.
नुसता दिसला पाहिजे. धरायचं काही नाही त्यानं.

चाचानं दातातली टाचणी काढली.

तुटलेले हात आम्ही ढिगानं केलेत,
मनगटाशी हाड, लोंबती शीर,
एका संमेलनात तर पहिल्या रांगेतल्या
सभापतींच्या मांडीत पडलेला.
पण ज्याच्या टोकाला पुढं माणूस आहे
असा हात कुठून सुरू करायचा?

त्यांचा डावा होता. डाव्याचा साचा डावाच निघतो,
अंगठा भलतीकडं.
भाऊ होता परळीला, पण त्याची बोटं लांब.
शेवटी चाचानंच बाही सारली,
खोबरेल चोळलं,
हाडाच्या दवाखान्यातून आणलेल्या पट्ट्या
मी कोपरापर्यंत गुंडाळल्या.
गरम व्हायलंय, म्हणाला,
आणि हलला नाही.
नाकावरची माशी मी हाकलली.

साच्यातून रबर सोललं तर तर्जनीवर
सुईच्या टोचांची जाळी.
घासायला घेतलं तर म्हणाला, राहू दे,
जिनिंगवाल्याचा हात गुळगुळीत कामून असेल?
परभणीहून आणलेल्या डब्यावर लिहिलेला 'देहरंग'
अख्ख्या तालुक्यात कुणाच्याच अंगाचा नव्हता.
गेरू, हळद, काजळी, चहाचा चोथा.
लिंबाजी डावा पंजा पेपरवर ठेवून बसून राहिले
दुपारभर, आणि मी रंग लावून बघत राहिले.
नखांना कांद्याचं साल लावलं.
आत फोम भरला तर हात डुलायचा.
मग कापूस भरला.
त्यावर कुणी काही बोललं नाही.

लग्नाला गेले ते सवयीनं,
मागं, कूलरपाशी उभी, मोजत.
अक्षता त्यांनी डाव्यानं टाकल्या.
मेच्या उकाड्यानं रबर चिकट सुटलेलं,
मंगलाष्टकं संपली तेव्हा उजव्या तळव्यावर
सात-आठ तांदूळ, पिवळे.
पाठवणीत लेक आली
आणि डावा सोडून तिनं उजवा धरला,
दोन्ही हातांनी.
तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.
माझे आकडे कुठं गेले कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी लिंबाजी दुकानात,
काखेत पेपरात गुंडाळलेला हात.
भाडं किती झालं?
चाचानं पेपर उघडला,
तांदूळ बघितले, पुन्हा गुंडाळला,
आणि चहा सांगितला, तीन.

वहीत अजून आहे.
रावणाचं तोंड एक, मानवत, येणे.
त्याच्या खाली माझ्या अक्षरात
हात एक, उजवा.
पुढचा रकाना चाचानं मला भरू दिला नाही.