शेवटची बाटली

तुझ्या हातची शेवटची बाटली
काल दुपारी उघडली.
बियरचीच, तपकिरी, गळ्यापर्यंत ठासलेली.
वरच्या चिठ्ठीवर तुझ्या अक्षरात नुसतं ‘मे’.
साल कशाला, म्हणाली असतीस,
पुढच्या मेपर्यंत संपतोच की मसाला.

संपला नाही.
दोन नाताळ मी बाटली मागे सरकवत राहिलो,
आधी व्हिनेगरच्या मागे, मग तांदळाच्या डब्यामागे,
विजेचं बिल लपवावं तशी.

अंबोली गावठाणात यंदा तारे कमी.
डिमेलोंचं घर पाडलं, तिथे टॉवरचा पत्रा लागलाय,
पत्र्यावर दिव्यांची माळ, आपली आपण रंग बदलते.
आपला तारा मी लावला. बांबू अजून कलतो.
तू खालून ओरडायचीस, डावीकडे, अजून डावीकडे,
आणि मी हट्टाने उजवीकडे न्यायचो,
त्यात कधीतरी तो सरळ व्हायचा.
या वेळी खाली कुणीच नव्हतं.
वाकडाच आहे.

काडीने मसाला टोकरला
आणि घरात भर डिसेंबरात मे शिरला:
चटईभर मिरच्या, उखळीचे धपके,
नाकाला रुमाल बांधून नुसत्या डोळ्यांनी हसणारी तू,
जिन्नस सव्वीस की सत्तावीस
ते मरेपर्यंत न सांगणारी.

इंद्याल केलं. मीठ जास्त पडलं.
पहिल्याच घासाला ठसका, मग उचकी.
पाणी प्यालो, साखर चघळली, श्वास कोंडून धरला.
तशीच घेऊन गेलो रात्रीच्या मिस्साला.
मैदानात प्लास्टिकच्या खुर्च्या,
माझ्या शेजारचीवर कुणीतरी स्वेटर टाकून ठेवलेला.
फादर गव्हाणीपाशी पोचले आणि मी उचकलो.
पुढची पोरगी वळून हसली.

आई म्हणायची, कुणीतरी आठवण काढतंय,
नावं घे, बरोबर नाव आलं की थांबते.
घेतली मग एकेक, मनातल्या मनात.
दोह्याचा आपला क्लाइव्ह.
वसईची हिल्डा.
सामंतवहिनी, त्यांना कुलकुल द्यायचे राहिलेत.
तो प्लंबरसुद्धा, त्याचे साडेतीनशे राहिलेत.
थांबेना.

एकच नाव उरलं.
घंटा वाजली, सगळे गुडघ्यांवर आले.
मी ओठ घट्ट मिटून घेतले
आणि उचकत राहिलो,
घरी येईपर्यंत,
कुलूप काढेपर्यंत,
अजून.