दुरुस्ती

भावाच्या मुलीला जात पडताळणीसाठी वंशावळ हवी,
स्टँप पेपरवर, शपथेवर.
भावाला वेळ नाही. मी निवृत्त.
म्हणून रोज अकराला नौपाड्यातल्या ग्रंथालयात
'खाडीकाठ' साप्ताहिकाच्या बांधीव फायली उघडून बसते.
शिपाई गोडांबे दुरूनच सांगतो,
बाई, बोटाला थुंकी लावू नका.

मी थेट चौथ्या पानावर जाते.
सिनेमाच्या जाहिरातीखाली,
कौलांच्या नि सिमेंटच्या भावाशेजारी
आमची माणसं वारलेली असतात,
अल्पशा आजाराने, वृद्धापकाळाने,
सगळी प्रेमळ, सगळी मनमिळाऊ.
चेंदणीत तिरसट माणूस
आजवर एकही मेलेला नाही.

बायकांना तर नावंच नाहीत.
पत्नी, सुना, नातवंडे असा परिवार.
बाबांच्या बातमीत मीही आहे,
'दोन विवाहित मुली' त्यातली एक.

ऑगस्ट बासष्ट. आजोबा सापडले.
हिराजी पोशा नाखवा, वय ६८.
पश्चात पत्नी, तीन मुलगे, एक मुलगी.

तीन?
बाबा. दत्तूकाका.
तिसरं बोट तसंच उभं राहिलं.
जुळारी पेंगला असेल, म्हटलं,
ओळी भरता भरता एक मुलगा जास्त पडला असेल.
पुढचा शनिवार उलटला तर
त्याच पानाच्या तळाशी:
'गतांकातील निधनवार्तेत तीन मुलगे ऐवजी
दोन मुलगे असे वाचावे. – मो. हि. नाखवा.'

मो. हि. म्हणजे मोरेश्वर हिराजी.
म्हणजे बाबा.

सव्वीस वर्षांचे. बारावंही झालेलं नसेल अजून.
भादरलेल्या डोक्यावर टोपी घालून
छापखान्याच्या पायऱ्या चढले असतील.
कुणी पाठवलं? दत्तूकाका थोरले.
की जातपंचांनी? आजीनं?
ओळीचे किती घेत होते तेव्हा, आठ आणे?
दोन ओळींत काम झालं.

फाईल मिटली आणि निवट्यांचा वास आला.
रविवारी बाबा ओट्यावर तीन वाटे करायचे.
एक आपला. एक दत्तूचा.
तिसरा पानात बांधून सायकलला अडकवायचा
आणि कळव्याच्या पुलावरून पलीकडे.
आई विचारायची, हा कुणाला?
खाडीला, म्हणायचे.
आम्हाला वाटायचं, नवस असेल.
मी चौथीत असताना एकदम दोनच वाटे झाले.
तेव्हा कोणी विचारलं नाही,
मासळीही महागली होतीच.

चौथी म्हणजे चौऱ्याहत्तर.
गोडांबेनं शिडी लावली, धूळ झटकली,
आणि सांगितलं, साडेपाचला बंद.
पाच वाजून दहाला:
'कळवा. चिंतामण हिराजी, वय ४१,
यांचे सोमवारी निधन झाले.
त्यांच्या पश्चात एक भाऊ आहे.'

आडनाव नाही.
प्रेमळ नाही, मनमिळाऊ नाही.
आणि एकच भाऊ,
दत्तूकाका तेव्हा चांगले ठणठणीत असताना.
ही बातमी कोणी दिली,
ते खाली छापलेलं नाही.
मी त्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं,
न थुंकी लावता.

आज कोर्ट नाक्यावर टायपिस्ट विचारतो,
हिराजींना मुलगे किती?
मी म्हणते, तीन.
तो दत्तूकाकांच्या नातवाची जुनी वंशावळ पुढे सरकवतो.
यात दोनच आहेत. समिती हरकत घेईल,
पोरीचं काम अडकेल.
तिसऱ्याचा काही दाखला आहे? शाळेचा? घरपट्टी?
मी झेरॉक्स काढते, चार ओळींची.
तो वाचतो. चष्मा वर करतो.
याला कोण विचारतंय, बाई.

बाहेर रिक्षा भांडताहेत.
भाची सारखा फोन करते आहे.
पानाचे किती घेता ते ठाऊक आहे मला,
मी म्हणते,
दुरुस्तीचे वेगळे पडतात का?